काम काही नाही, सहज

माझ्या सोसायटीत माणूस आत येण्याआधी त्याचा फोटो आत येतो. खाली गेटवर गार्ड त्याला "सर, इधर देखिए" म्हणतो, वर माझा मोबाइल किणकिणतो आणि पडद्यावर एक घामेजलेला, डोळे अर्धवट मिटलेला चेहरा उमटतो. चेहऱ्याखाली दोन बटणं, एक हिरवं आणि एक लाल. बहुतेक चेहरे जेवण आणणाऱ्यांचे असतात. मी हिरवं बटण दाबते, पुडकं दाराबाहेर ठेवलं जातं, माणूस दिसायच्या आत लिफ्टमध्ये शिरतो आणि पहिला घास तोंडात जायच्या आधी "अनुभव कसा होता?" म्हणून विचारणा येते. गुरुग्राममध्ये राहायला लागल्यापासून माझ्या घरी असे पुष्कळ अनुभव आले. माणूस फारसा कुणी आला नाही. अशा वेळी मला फरीदाबादचे काका आठवतात. त्यांच्या दाराला साधी बेलसुद्धा नव्हती.

म्हणजे पूर्वी होती, ती त्यांनी काढून टाकली होती. तिच्या जागी भिंतीवर एक चौकोनी पांढरा डाग आणि टेप गुंडाळलेल्या दोन तारा एवढंच उरलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बेल सगळ्यांची सारखीच वाजते. आत बसलेल्याला काय कळणार कोण आलंय? कडी वाजवली की माणूस कळतो." ते खरंच होतं. दूधवाला कडी आपटायचा. शेजारच्या अरोरा आंटी बांगड्यांसकट वाजवायच्या. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुनावलं, "तू कडी वाजवतेस ती माफी मागितल्यासारखी. इथे राहतेस ना? मग हक्काने वाजव."

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू होते. नोकरी गुरुग्रामला लागली होती, पण एकटी मुलगी म्हटल्यावर तिथले घरमालक जे काही विचारत ते ऐकून मी थकले होते. माझ्या आत्याने कुणाकडून तरी काकांचा नंबर मिळवून दिला. मी फोन करून खोलीची चौकशी करायला लागले, तर पलीकडून आवाज आला, "फोनवर खोली काय दिसणार? या." मी विचारलं, "कधी येऊ?" "त्यात कधी काय? मी घरीच असतो." फोन बंद. त्या दिवसापासून पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडे राहिले.

काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. दिल्लीत इतकी वर्षं काढलेली की भाजीवाल्याशी भांडताना त्यांची हिंदी पंजाबी होऊन जायची, पण ठेच लागली की तोंडातून निघायचं ते मराठीच. काकी मी येण्याच्या पुष्कळ आधी गेल्या होत्या. मुलगी परदेशात होती. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यासाठी काका इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खाली लुंगीच ठेवायचे. कॉल संपला की शर्ट काढून हँगरला लावायचे. एकदा म्हणाले, "ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघतो असं आपलं म्हणायचं. खरं म्हणजे दोघंही कोपऱ्यातल्या आपापल्या थोबाडाकडे बघत असतो."

माझी नोकरी त्यांना कधीच पटली नाही. पहिल्या दिवशी विचारलं, "तुझं खातं कोणतं?"

"कस्टमर एक्सपिरिअन्स."

"म्हणजे काय करता?"

"लोकांना विचारतो, तुम्हाला कसं वाटलं."

"आणि त्यांनी सांगितलं की?"

"त्याचा चार्ट करतो."

काकांनी चष्मा काढून पुसला. "आणि चार्ट झाला की?"

"प्रेझेंटेशन."

"अच्छा," काका म्हणाले. "आमच्या मंत्रालयातही हेच चालायचं. पण आम्ही निदान लोकांना त्रास देत नव्हतो."

गिझर दुरुस्त करायला एक माणूस आला होता. काम झाल्यावर त्याने अजिजीने मोबाइल पुढे केला. "अंकल जी, फाइव्ह स्टार दे देना." काका म्हणाले, "बैठो पहले." चहा पाजला, गाव विचारलं, मुलं कितवीत आहेत ते विचारलं. मग म्हणाले, "गीज़र के बारे में जो पूछना है पूछो. आदमी को मैं नंबर नहीं देता." तो बिचारा रडकुंडीला आला, कारण स्टार मिळाले नाहीत तर त्याला पुढचं काम मिळणार नव्हतं. शेवटी मी वरून धावत आले आणि काकांच्या अंगठ्याने पाचही तारे दाबून घेतले. काका दिवसभर आपला अंगठा पाहत होते, मतदान करून चुकीचा उमेदवार निवडल्यासारखे.

विजेच्या बिलाची तक्रार असली की ते फोन स्पीकरवर टाकून अंगणात ठेवायचे. "आपकी कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है" आणि मागून सतार. त्या सतारीवर त्यांची सगळी झाडं पाणी पिऊन व्हायची, तुळशीच्या मंजिऱ्या खुडून व्हायच्या. कधीतरी पलीकडे खराखुरा माणूस अवतरायचा तेव्हा काका दचकायचे. "अरे, तू आला? रुक, नळ बंद करून येतो," असं म्हणेपर्यंत फोन कटलेला असे.

आणि ते गुलाब! रोज पहाटे त्यांच्या मोबाइलवर एक गुलाब यायचा, दवबिंदूंसकट, वर सोनेरी अक्षरांत सुविचार. पाठवणारे साठे, त्यांचे जुने शेजारी. तुम्हीआम्ही असा गुलाब न बघता पुसून टाकतो. काका बसून त्याला उत्तर लिहायचे. एका बोटाने अक्षर शोधत शोधत, "गुडघा कसा आहे?" त्यावर उत्तर कधीच आलं नाही. साठ्यांना नातवाने आलेलं पुढे ढकलायला शिकवलं होतं, लिहायला नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुलाब यायचा आणि काका पुन्हा गुडघ्याची चौकशी करायचे. मला हसू यायचं. आता येत नाही.

हे साठे कोण ते सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दोघं समोरासमोर राहत. आजूबाजूला बंगाली, तमिळ, गढवाली, आणि मधे ही दोन मराठी दारं, दिवसभर उघडी. साठे संध्याकाळी पेपर मागायला यायचे आणि जेवून जायचे. काका मीठ परत द्यायला जायचे ते रात्रीच्या बातम्या ऐकूनच परतायचे. यायचं तर न कळवता यायचं, हा त्यांचा अलिखित कायदा. यजमानाने विचारायचं, "काय काम काढलंत?" आणि आलेल्याने म्हणायचं, "काही नाही, सहज." दोघांनाही माहीत असायचं की काम काही नाही, तरी विचारायचं आणि सांगायचं. पुढे घरोघर फोन आले, तरी कायदा तोच राहिला.

निवृत्तीनंतर काका फरीदाबादला आले आणि साठे गुरुग्रामला मुलाच्या टॉवरमध्ये गेले. सुरुवातीला ये-जा होती. मग साठ्यांचा गुडघा, मग ट्रॅफिक, मग नुसतेच गुलाब. मी राहायला गेले तेव्हा त्यांची भेट होऊन बरेच महिने लोटले होते. रविवारी चारच्या सुमारास काका चहाचं आधण ठेवायचे, त्यात एक कप पाणी जास्त घालायचे. आलं किसायचे, कडीकडे कान द्यायचे. कुणी आलं नाही की तो कप मला हाक मारून द्यायचे. मी वर्षानुवर्षं साठ्यांच्या वाटणीचा चहा प्यायले.

"काका, एक फोन करा ना त्यांना," मी म्हणायची.

"फोन करून गेलं की ती अपॉइंटमेंट होते. मला काय डॉक्टरकडे जायचंय?"

शेवटी एका थंडीतल्या रविवारी काकांनी मनावर घेतलं. साठ्यांना आवडतो म्हणून पातळ पोह्यांचा चिवडा केला, स्टीलच्या डब्यात भरला, दोन स्वेटर चढवले, वर माकडटोपी. "चल, तुला तुझं गुरुग्राम ठाऊक आहे. साठ्याला गाठू." कॅबमध्ये ते लग्नाला निघाल्यासारखे ताठ बसले होते. डबा मांडीवर.

टॉवरच्या गेटवर गार्डने टॅबलेट पुढे केला. "सर, इधर देखिए." काकांनी टोपी सारखी केली आणि फोटोसाठी मान वर केली. "एक कॉपी मिलेगी?" गार्ड हसला नाही. "सर, काम क्या है?"

"काम कुछ नहीं. ऐसे ही."

"ऐसे ही का ऑप्शन नहीं है सर. गेस्ट, डिलीवरी, कैब, सर्विस. आपका आना उन्होंने पहले से डाला है?"

"अरे भाई, पहले से मालूम होता तो आने में क्या मज़ा?"

गार्डने 'गेस्ट' दाबलं. आम्ही उभे राहिलो. आमच्या बाजूने पिझ्झा गेला, किराणा गेला, कुणाच्या कुत्र्याला आंघोळ घालणारी गाडी गेली, सगळे न थांबता. मग टॅबलेट वाजला. गार्ड ओशाळून म्हणाला, "सर, रिजेक्ट हो गया."

काकांना तो शब्द कळला आणि कळलाही नाही. ते डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. गार्ड मनाने चांगला होता. हळूच म्हणाला, "अंकल, डिलीवरी डाल दूँ? वो तुरंत हो जाता है. डिब्बा तो है ही."

"नहीं बेटा," काका म्हणाले, "डिब्बा पहुँचाने नहीं आया हूँ. बैठने आया हूँ."

मी मोबाइल काढला तर त्यांनी माझं मनगट धरलं. एवढंच म्हणाले, "नको." परतीच्या रस्त्यात, अरावलीच्या त्या उजाड टेकड्यांमधून जाताना, ते खिडकीबाहेर बघत होते. माकडटोपीतून फक्त नाक दिसत होतं. मला माझ्या नोकरीची, त्या हिरव्या-लाल बटणांची, सगळ्या चार्टांची मनापासून शिसारी आली. चाळीस वर्षांची मैत्री एका बोटाने लाल करता येते याचा मला राग आला, आणि तो राग काढायला समोर कुणी नव्हतं.

घरी पोचलो तर अरोरा आंटी भिंतीवरून ओरडल्या, "भाई साहब, कहाँ चले गए थे? एक बुज़ुर्ग आए थे. कितनी देर कुंडी बजाते रहे! मैंने कहा हमारे यहाँ चाय पी लो. बोले, नहीं जी, कोई काम नहीं था, ऐसे ही आया था."

कडीला एक पिशवी अडकवलेली होती. पिशवीत गजकचा, तीळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचा डबा. ओसरीतली खुर्ची सावलीतून ओढून उन्हात ठेवलेली, गुडघ्याला ऊन लागेल अशी.

काका त्या खुर्चीकडे बघतच राहिले. मग आंटींना विचारलं, "कुंडी कैसे बजाई? दो बार, फिर रुक के एक बार?"

"लो, मैं क्या गिन रही थी?"

काका खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "बघितलंस? तोही निघाला होता! न कळवता! आम्ही दोघं रस्त्यात कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेलो असू." तिकडे घरात लाल बटण दाबणारा साठ्यांचा मुलगा असणार. वडील घरात नाहीत आणि फोटोत माकडटोपीमुळे ओळखू न येणारा म्हातारा. त्याचं तरी काय चुकलं? काकांनी त्या संध्याकाळी गजक खाल्लं, मी चिवडा खाल्ला, आणि ते मला इतके आनंदात पुन्हा कधी दिसले नाहीत.

पण गंमत पुढे झाली. पुढच्या रविवारी मी विचारलं, "निघायचं?" तर म्हणाले, "वेडी आहेस का? मी तिकडे गेलो आणि तो इकडे आला तर? आता घरीच थांबायचं." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. थंडी संपली, स्वेटर उन्हात वाळवून पेटीत गेले, कूलरमध्ये वाळ्याची नवी खस आली. काका दर रविवारी घर अडवून बसलेले. रोज गुलाब येत होता, रोज गुडघ्याची चौकशी जात होती, "आलो होतो" असं मात्र दोघांपैकी एकानेही कळवलं नाही. आणि काका थकत चालले होते. आधण ठेवायला उठताना भिंतीचा आधार घेऊ लागले. हे दोघं आपला कायदा पाळता पाळता न भेटताच राहतील, अशी भीती मला वाटू लागली.

एक दिवस मी काकांच्या मोबाइलमधून नंबर उतरवून घेतला आणि ऑफिसातून साठ्यांना फोन केला.

"मी तर रविवारी घराबाहेरच पडत नाही," साठेकाका म्हणाले. "म्हटलं, न जाणो, हा यायचा आणि परत चुकामूक."

"तेही तुमची वाट बघत घरीच बसतात. तुम्हीच या ना."

"म्हणजे ठरवून यायचं?"

"ठरवून या, पण सहज आल्यासारखे या."

साठेकाका खुसखुसले. "त्याची काळजी नको. मंत्र्यांच्या अचानक भेटी आम्हीच ठरवून देत होतो."

रविवारी कडी वाजली. दोनदा, थांबून एकदा. स्वयंपाकघरात काका आलं किसत होते, ते तसेच थांबले. हातातली किसणी घेऊनच दाराशी गेले.

"काय साठे, काय काम काढलंत?"

"काही नाही. सहज."

मला वाटलं होतं, आता किती बोलतील. काही बोलले नाहीत. साठेकाकांनी टीपॉयवरचा पेपर उचलून मधली पानं काढून घेतली, काकांनी बाहेरची. चहा आला. "आलं जरा जास्त झालंय." "तुला नेहमीच जास्त वाटतं." पंखा फिरत होता. थोड्या वेळाने साठेकाकांची मान कलली आणि ते खुर्चीतच घोरू लागले. काकांनी उठून पंख्याचा वेग कमी केला, त्यांच्या मांडीवरची पानं हळूच काढून घेतली आणि स्वतः पुढचं पान वाचत बसले. माझ्या घरी येऊन इतकं निवांत झोपेल, असा माणूस मला नव्हता. मला त्या दोघांचा हेवा वाटला.

जाताना साठेकाका जिन्याशी मला हळूच म्हणाले, "त्याला कळू देऊ नकोस हं, फोनचं."

मी आत आले. काका कप विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "फोन केलास ना?"

"कसं कळलं?"

"सकाळपासून कितीदा गच्चीवरून रस्ता बघून आलीस. सहज येणाऱ्याची वाट अशी बघत नाहीत. आधण थोडं जास्त ठेवतात, बस." कप पालथा घालून हात पुसले. "चांगलं केलंस. पण मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. खुशीत गेलाय."

त्यानंतर साठेकाका मधूनमधून येत राहिले. ते ठरवून येत होते की सहज, हे मी कधी विचारलं नाही.

काका गेले ते एका हिवाळ्यात, दुपारी, ओसरीतल्या उन्हातल्या खुर्चीत. कुणालाच कळवलं नाही. मुलगी आली, घर विकलं गेलं, मी साठेकाकांना नवा पत्ता लिहून दिला आणि गुरुग्रामच्या या टॉवरमध्ये आले. दाराला कॅमेऱ्याची बेल आहे. ती वाजली की आत गाणं लागतं आणि कोण आलंय ते मोबाइलवर दिसतं. येतं मात्र कुणी नाही. मैत्रिणी भेटतात, पण दोन आठवडे आधी तारीख ठरवून, हॉटेलात, आणि अर्धा वेळ जेवणाचे फोटो काढण्यात जातो. मला काकांची फार आठवण येते. ते नाहीत याची सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही. रविवारी चारला आधण ठेवताना माझा हात आपोआप एक कप पाणी जास्त घालतो. तो कप मीच पिते. सवय आहेच.

मागच्या रविवारी मोबाइल किणकिणला. पडद्यावर फोटो: माकडटोपी आणि तिच्यात आभाळाकडे बघणारा अर्धा चेहरा. मला ओळखूच येईना. माझं बोट लाल बटणाच्या जवळ गेलं होतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात गार्डने इंटरकॉम लावला.

"मैडम, एक बुज़ुर्ग हैं. साठे नाम बता रहे हैं. काम पूछता हूँ तो कहते हैं कोई काम नहीं है. पर्पज़ में क्या डालूँ? गेस्ट?"

"कुछ मत पूछिए," मी म्हटलं. "घर के हैं. भेज दीजिए."

मी दार उघडायला गेले नाही. ओट्याशी उभी राहून आलं किसत राहिले. लिफ्टचा आवाज आला, काठी टेकत टेकत पावलं आली आणि दाराशी थांबली. बेलचं गाणं लागलं नाही. लाकडावर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजलं, थांबून एकदा.

दारात साठेकाका. हातात गजकची पिशवी. धाप लागलेली.

"काय काम काढलंत, काका?" मी विचारलं.

"काही नाही," ते आत बघत म्हणाले, बसायची जागा शोधत. "रविवार आहे ना. म्हटलं सहज."

इतके दिवस मीच पीत होते तो जास्तीचा कप मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "आलं जरा जास्त झालंय."